दुचाकीचा ‘इंच’ आणि पायाचे माप: गिअर व क्रँक यांच्या निवडीचा ऐतिहासिक विचार

१

रस्त्यावर दूरच्या पल्ल्यासाठी सायकल निवडताना दोन प्रश्न उपस्थित होतात. पुढच्या व मागच्या दातेरी चाकांचे परस्परांशी प्रमाण किती असावे, हा पहिला. आणि क्रँकची, म्हणजे मधल्या आसापासून पेडलपर्यंतच्या दांड्याची, लांबी किती असावी, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न सामान्यतः यंत्रशास्त्राच्या कक्षेतील समजले जातात. परंतु त्यांची जी उत्तरे आज रूढ आहेत, ती कोठून आली याचा शोध घेऊ लागले म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. त्यांतील बरीचशी उत्तरे एकेकाळच्या कारखान्यांची सोय, परदेशी रस्त्यांची ठेवण आणि लुप्त झालेल्या यंत्रांची मापे यांतून उतरलेली आहेत. ज्याने पेडल मारावयाचे त्याच्या पायाला या इतिहासात फार उशिरा स्थान मिळाले.

प्रस्तुत लेखात या दोन मापांचा इतिहास थोडक्यात मांडून, त्याचा दक्षिण महाराष्ट्रातील, विशेषतः सांगली-सातारा भागातील, सायकलच्या वापराशी काय संबंध पोहोचतो ते पाहावयाचे आहे. लेखकाचे मूळ क्षेत्र भाषाशास्त्र असल्यामुळे शब्दांचा पुरावा येथे वारंवार येईल. मापांचा इतिहास हा पुष्कळ अंशी मापांच्या नावांचाही इतिहास असल्याने हा पुरावा अप्रस्तुत ठरू नये.

२

प्रथम नावांचाच विचार करू. ‘सायकल’ हा शब्द इंग्रजीतून आला हे उघड आहे. पण त्याच्या मुळाशी असलेला ग्रीक ‘कुक्लोस’ आणि आपल्या ‘चाक’ शब्दाच्या मुळाशी असलेला संस्कृत ‘चक्र’ हे एकाच प्राचीन धातूचे वंशज होत. त्याचप्रमाणे ‘पेडल’मधील लॅटिन ‘पेद्’ आणि मराठी ‘पाय’ ज्यापासून आला तो ‘पाद’ यांचेही मूळ एक आहे. बोलीत ‘पेडल’चे ‘पायडल’ झाले ते अर्थात व्युत्पत्ती जाणून नव्हे. परक्या शब्दात बोलणाऱ्यास ओळखीचा ‘पाय’ दिसला, एवढेच. तथापि लोकांनी यंत्राचा हा भाग पायाच्या नावाने ओळखला, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

गिअरविषयीची आपली भाषा याहून अधिक बोलकी आहे. इंग्रजीत गिअर ‘उंच’ वा ‘खालचा’ असतो आणि त्याचे माप इंचांत सांगतात. फ्रेंच लोक पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे जाते ते सांगतात व त्यास ‘देव्हलोपमाँ’ म्हणतात. मराठी माणूस मात्र गिअर ‘जड’ आहे किंवा ‘हलका’ आहे असे म्हणतो. एका भाषेने माप चाकावरून घेतले, दुसरीने रस्त्यावरून, आणि तिसरीने मांडीला जाणवणाऱ्या भारावरून. मराठीचे हे माप आकड्यात मांडता येत नाही हा त्याचा दोष खरा. परंतु निवड करणाऱ्याने प्रारंभ कोठून करावा याची दिशा त्यातच आहे.

३

इंग्रजी ‘इंचा’चा उगम पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जावे लागते. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये तयार होऊ लागलेल्या दुचाकींत पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसावर बसविलेले असे. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. साहजिकच अधिक वेग हवा असल्यास चाक मोठे करणे, हा एकच मार्ग उरला. १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली व इतर कारागिरांनी बनविलेल्या उंच दुचाकींचे पुढचे चाक पन्नास-साठ इंच व्यासाचे असे. त्याहून मोठे चाक घेता येत नसे, कारण त्यावर बसणाऱ्याचा पाय पेडलपर्यंत पोहोचला पाहिजे. या काळात चाकाचे माप हेच स्वाराचे माप होते. लांब पायांच्या माणसाला मोठे चाक मिळे. आखूड पायांच्या माणसाला लहान चाकावर, म्हणजेच कमी वेगावर, समाधान मानावे लागे.

साखळीने हे बंधन तोडले. मँचेस्टरच्या हान्स रेनोल्ड याने १८८० मध्ये आजच्या पद्धतीची रोलर साखळी सिद्ध केली आणि १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली याची ‘रोव्हर’ ही सायकल पुढे आली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी असून पेडल मध्यभागी व साखळी मागच्या चाकास जोडलेली होती. १८८८ मध्ये डनलॉपने हवेच्या टायरचे स्वामित्वपत्र घेतले आणि आजची सायकल सिद्ध झाली. आता लहान चाकाकडूनही मोठ्या चाकाचे काम करून घेता येऊ लागले. पण ते किती मोठ्या चाकाचे, हे सांगण्यासाठी लोकांजवळ जुनीच भाषा होती. म्हणून पुढच्या दात्यांच्या संख्येला मागच्या दात्यांच्या संख्येने भागावयाचे व त्यास चाकाच्या व्यासाने गुणावयाचे, ही रीत पडली. येणारी संख्या म्हणजे ज्या उंच दुचाकीची बरोबरी ही सायकल करते तिच्या चाकाचा व्यास. आज ‘७० इंचांचा गिअर’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा नाहीशा झालेल्या एका चाकाचे माप आपण घेत असतो.

या स्थित्यंतरात एक गोष्ट मात्र नकळत घडली. उंच दुचाकीवर चाकाचे माप स्वाराच्या पायाशी बांधलेले होते. साखळी आल्यावर गिअर पायापासून सुटला, आणि तो ठरविण्याचा अधिकार स्वाराकडून कारखान्याकडे गेला.

४

दक्षिण महाराष्ट्रात सायकलचे आगमन ज्या घराण्याशी निगडित आहे ते पुढे वेगळ्याच उद्योगाने प्रसिद्धीस आले. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असता मुंबईहून सायकली घेऊन बेळगावास पाठवीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या तेथे विकीत. एका सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये पडे आणि ती चालविण्यास शिकविण्याचे पंधरा रुपये वेगळे घेतले जात, असे सांगतात. किर्लोस्कर उद्योगाचे प्रारंभवर्ष म्हणून १८८८ हे साल मानले जाते. हवेच्या टायरचेही तेच साल. पुढे दुकानाची जागा कडबा कापण्याच्या यंत्रांनी व लोखंडी नांगरांनी घेतली आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या जमिनीवर किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे.

शिकविण्याच्या त्या पंधरा रुपयांचा अर्थ असा की, सायकल जशी असेल तशी स्वीकारून तिच्याशी शरीर जुळवून घेण्याची विद्या ही विक्रीची वस्तू होती. यंत्र शरीराशी जुळवावे, ही कल्पना अद्याप दूर होती.

हीच स्थिती पुढे दीर्घकाळ टिकली. रॅले, हर्क्युलिस, बी. एस. ए. या इंग्रजी सायकलींचा घाट भारतीय कारखान्यांनी उचलला. मद्रासजवळ टी. आय. सायकल्स १९४९ मध्ये, सोनीपतला ॲटलास १९५१ मध्ये आणि लुधियान्यात हिरो १९५६ मध्ये सुरू झाले. या सर्वांनी बनविलेली काळी, दणकट सायकल गावोगाव पोहोचली. तिच्या चाकाचे माप २८ इंच बाय दीड इंच. ग्राहक दुकानात जाऊन ‘बावीस इंची’ किंवा ‘चोवीस इंची’ सायकल मागे. हे माप चौकटीचे. गिअर एकच, आणि क्रँक येईल तो. क्रँक कॉटर पिनेने आसावर ठोकून बसविलेला असे. तो मोडला किंवा वाकला तरच बदलावयाचा, पायाला जुळत नाही म्हणून बदलण्याची चाल नव्हती.

अशा सायकलीस पुढे ४४ व मागे १८ दात्यांची जोडणी असल्यास गिअर सुमारे ६८ इंचांचा होतो. पेडलच्या एका फेऱ्यात ती साडेपाच मीटरांच्या आसपास जाते. मिनिटास पन्नास ते साठ फेरे या सावकाश गतीने ताशी सोळा ते वीस किलोमीटर वेग मिळतो. कृष्णाकाठच्या सपाटीसाठी ही निवड वाईट नव्हती. सांगली व मिरज यांच्या लगतचे कुपवाड हे औद्योगिक वसाहतीमुळे वाढलेले गाव. १९९८ मध्ये या तिन्हींची मिळून एक महानगरपालिका झाली. कारखान्याची पाळी गाठणाऱ्यास तेथे ना मोठा चढ होता ना घाईचा पल्ला. डबा हँडलला अडकवून एका गिअरवर आयुष्य काढता येत होते. मात्र ही सोय प्रौढ पुरुषाच्या पायापुरतीच होती.

५

याचा पुरावा कोणत्याही दप्तरात शोधावा लागत नाही. तो एका शब्दप्रयोगात जिवंत आहे. गेल्या शतकात ज्यांचे बालपण महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत गेले, त्यांतील बहुतेकांनी सायकल ‘हाफ पेडल’ मारीत शिकली. सीटवर बसून पाय पोहोचत नाही, म्हणून एक पाय चौकटीच्या आडव्या दांडीखालून पलीकडे घालावयाचा, शरीर वाकडे करून एका हाताने सीट वा दांडी कवटाळावयाची, आणि पेडल पूर्ण न फिरविता खालीवर हलवीत पुढे सरकावयाचे. फ्रीव्हील असल्यामुळेच हे शक्य होई. पेडल मागे घेता येते व चाक पुढे फिरत राहते.

या क्रियेकडे आपण बालपणीची गंमत म्हणून पाहतो. यंत्राच्या इतिहासाच्या दृष्टीने ती एक तक्रार आहे. मुलाचा पाय क्रँकचे पूर्ण वर्तुळ काढू शकत नव्हता, तेव्हा त्याने अर्धे वर्तुळ काढले. म्हणजे कारखान्याने न दिलेला आखूड क्रँक त्याने आपल्या हिकमतीने निर्माण केला. ज्यांना ही हिकमत सामाजिक संकोचामुळे करता येत नव्हती, विशेषतः लुगड्यातील स्त्रियांना, त्यांच्यासाठी ती सायकल जवळजवळ अस्तित्वातच नव्हती. एका मापाच्या यंत्राने कोणी प्रवास करावा व कोणी करू नये हे ठरविले, आणि तसे कोणी ठरविले आहे असे कोणास वाटलेही नाही.

क्रँकच्या लांबीची समज आपल्या समाजात नव्हती असे मात्र नाही. जात्याचा खुंटा हा क्रँकच होय; मध्यापासून दूर बसविलेल्या दांड्याने वर्तुळाकार गती देण्याच्या योजनेचे अतिप्राचीन रूप म्हणून तंत्रज्ञानाचे इतिहासकार अशा हातजात्याचा निर्देश करतात. खुंटा मध्यापासून जितका दूर तितका जोर कमी लागतो, पण हाताला तितके मोठे वर्तुळ काढावे लागते. मोठ्या जात्याला दोघी बसतात, लहान जाते एकटी ओढते. जोर आणि पल्ला यांचा हा व्यवहार दळणारीच्या हाताला पूर्ण ठाऊक होता. सायकलच्या दुकानात तो कोणी विचारला नाही.

६

सपाटीवर झाकली गेलेली ही उणीव घाटात उघडी पडते. वाईहून पाचगणीस चढणारा पसरणीचा घाट उदाहरणादाखल घेऊ. दहा-बारा किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांहून अधिक चढाई असून सरासरी चढ शेकडा चार ते पाच पडतो. स्वार व सायकल मिळून वजन ७५ किलोग्रॅम धरले, तर ताशी दहा किलोमीटर वेगाने येथे चढण्यास सुमारे ११० वॅट शक्ती लागते. ही शक्ती निरोगी माणसाला असाध्य नाही. परंतु ६८ इंचांच्या गिअरवर त्या वेगाला पेडलचे मिनिटास तीसच फेरे पडतात, आणि १७० मिलिमीटरच्या क्रँकवर सरासरी वीस किलोग्रॅमच्या आसपास दाब सतत द्यावा लागतो. पेडल पुढे व आडवे असता तो याच्या जवळजवळ दुप्पट होतो. पुढे ३४ व मागे २८ दात्यांच्या जोडणीवर तीच शक्ती चौसष्ट फेऱ्यांत विभागली जाते व दाब निम्म्याहूनही खाली येतो. घाटाच्या पायथ्याशी लोक सायकलवरून उतरून ती हाती धरून चालत, ते दम नसल्यामुळे नव्हे. त्यांच्याजवळ शक्ती होती; ती ज्या हप्त्यांनी द्यावयाची ते हप्ते फार मोठे होते.

गिअर बदलण्याची साधने जगात लवकर निघाली, पण त्यांना मान्यता मिळण्यास वेळ लागला, हेही येथे नोंदविले पाहिजे. इंग्लंडमध्ये स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब १९०२-०३ च्या सुमारास आला. फ्रान्समध्ये सेंत-एत्येनचा पॉल द व्हिव्ही अनेक गिअरांचा हिरिरीने पुरस्कार करीत होता. तथापि तूर द फ्रान्स या विख्यात स्पर्धेत साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या साधनास १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. तोवर स्पर्धक डोंगराच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक उलटे बसवीत व दुसऱ्या बाजूच्या अधिक दात्यांच्या चकतीवर साखळी चढवीत. हलका गिअर म्हणजे दुबळेपणाची कबुली, अशी त्यामागील धारणा होती. ही धारणा आजही पूर्णपणे गेलेली नाही.

आज आपल्याकडे मिळणाऱ्या रस्त्यावरच्या सायकलीस पुढे बहुधा ५० व ३४ दाते आणि मागे ११ पासून २८, ३२ किंवा ३४ पर्यंत दात्यांची कॅसेट असते. रूढ २७ इंच व्यास धरता सर्वांत जड गिअर सुमारे १२३ इंचांचा व सर्वांत हलका, ३४ ला ३४ असल्यास, २७ इंचांचा होतो. १२३ इंचांच्या गिअरवर मिनिटास नव्वद फेरे मारल्यास ताशी वेग पन्नास किलोमीटरांच्या पुढे जातो. स्पर्धेबाहेरच्या स्वाराला हा वेग उतारावरच लाभतो, आणि उतारावर पेडल मारण्याची निकड नसते. उलट चढावर एखादा दाता कमी पडला तर उतरून चालावे लागते. म्हणून निवडीचा क्रम हलक्या टोकाकडून सुरू होणे युक्त होय. आपल्या नेहमीच्या वाटेवरील सर्वांत तीव्र चढ कोणता, आणि तो मिनिटास साठांहून कमी फेरे न होता चढता यावा यासाठी मागे किती दाते हवेत, हा पहिला प्रश्न. जड टोक त्यानंतर आपोआप ठरते.

७

आता क्रँककडे वळू. इंग्रजी सायकलींत साडेसहा, पावणेसात व सात इंच अशी क्रँकची मापे प्रचलित होती. म्हणजे अनुक्रमे सुमारे १६५, १७१ व १७८ मिलिमीटर. आजची १६५, १७०, १७२.५ व १७५ ही मापे साधारण त्याच पट्ट्यातील आहेत. माणसांच्या पायांच्या लांबीत जेवढा फरक असतो, त्या मानाने हा पट्टा फारच अरुंद आहे. प्रौढांच्या पायांत दहा-पंधरा सेंटीमीटरांचा फरक सहज आढळतो. क्रँकने मात्र सारी मनुष्यजात एका सेंटीमीटरात बसविली.

लांब क्रँक म्हणजे अधिक तरफ व म्हणून अधिक शक्ती, हा समज फार काळ चालत आला. २००१ मध्ये जेम्स मार्टिन व वनीन स्पिर्डुसो यांनी १२० पासून २२० मिलिमीटरपर्यंतच्या क्रँकवर प्रशिक्षित स्वारांची कमाल शक्ती मोजली. १४५ व १७० मिलिमीटरवरची शक्ती दोन्ही टोकांच्या मापांपेक्षा अधिक भरली. पण एवढ्या प्रचंड पट्ट्यातही फरक शेकडा चारांच्या आसपासच होता. शक्तीला अनुकूल लांबी पायाच्या लांबीच्या सुमारे एक पंचमांश येते, असेही त्यांना आढळले. याचा अर्थ क्रँक आखूड केल्याने स्वाराचे फारसे काही जात नाही. मिळते ते मात्र पुष्कळ असू शकते. क्रँक पाच मिलिमीटरनी आखूड केल्यावर सीट तेवढीच वर घ्यावी लागते. परिणामी पेडल वर आले असता गुडघा कमरेच्या मानाने दहा मिलिमीटर खाली राहतो. वाकून बसणाऱ्यास, तसेच आखूड पायांच्या स्वारास, हा मोकळेपणा महत्त्वाचा वाटतो. २०२४ च्या तूर द फ्रान्सचा विजेता तादेय पोगाचार याने त्या हंगामात १६५ मिलिमीटरचे क्रँक वापरल्यानंतर हा विचार सर्वत्र बोलला जाऊ लागला. तो विचार नवा नाही. विजेत्याच्या पायाखाली आल्यावर तो ऐकू आला एवढेच.

गिअर व क्रँक यांचा एकत्र हिशेब करणारे माप अमेरिकेतील सायकल-कारागीर शेल्डन ब्राऊन (१९४४–२००८) याने सुचविले. चाकाच्या त्रिज्येस क्रँकच्या लांबीने भागून येणाऱ्या संख्येस दात्यांच्या प्रमाणाने गुणावयाचे. पेडल एक मीटर फिरले असता सायकल किती मीटर जाते, ते यावरून कळते. चाकाची त्रिज्या ३४० मिलिमीटर धरल्यास, ५० व २५ दात्यांवर १७० मिलिमीटरच्या क्रँकने हे प्रमाण ४ येते आणि १६५ च्या क्रँकने ४.१२. म्हणजे क्रँक पाच मिलिमीटर आखूड झाल्याने गिअर शेकडा तीनने जड झाला. मागे २५ ऐवजी २६ दाते घेतले की हा भार भरून निघतो. या मापात इंच नाही, मीटर नाही, कोणतेही एकक नाही. उंच दुचाकीचे चाक त्यातून गेले आणि पेडलवरचा पाय परत आला. मराठीतील ‘जड’ व ‘हलका’ यांना आकड्यांत आणावयाचे झाल्यास हेच माप सर्वांत जवळचे ठरेल.

८

या विवेचनातून निवड करणाऱ्यासाठी निघणारा निष्कर्ष साधा आहे. प्रथम पाय मोजावा व त्याच्या पंचमांशाच्या जवळचा क्रँक मिळेल तो घ्यावा. दोन मापांत संशय असल्यास आखूड पत्करावा. नंतर वाटेवरचा सर्वांत कठीण चढ पाहून मागचे दाते ठरवावेत. चौकटीचा रंग व नाव यांचा विचार शेवटी करण्यास हरकत नाही. आज दुकानातून चौकटीबरोबर जो क्रँक येतो तो बहुधा चौकटीच्या मापानुसार आलेला असतो. तो बदलून मागण्याचा अधिकार ग्राहकास आहे, हे त्यास माहीत असले पाहिजे.

अभ्यासकांसाठी मात्र काम पुष्कळ उरले आहे. सांगली, मिरज, कुपवाड, सातारा, वाई येथील जुन्या सायकल-दुकानांतून भाग, हत्यारे व बिघाड यांची जी नावे बोलली जातात, त्यांचा पद्धतशीर संग्रह झाला पाहिजे. बैलगाडीच्या शब्दसंपत्तीतील ‘आरा’, ‘आस’, ‘वंगण’ यांसारखे कोणते शब्द सायकलीवर टिकले व कोणते इंग्रजी शब्दांपुढे मागे पडले, हे त्यावरून ठरविता येईल. त्याचबरोबर, अद्याप वापरात असलेल्या काळ्या सायकलींचे क्रँक व दाते प्रत्यक्ष मोजून, त्या चालविणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या पायांच्या मापांशी ते ताडून पाहावेत. ‘हाफ पेडल’ शिकलेल्या पिढीच्या मुलाखती यात आधी घेणे आवश्यक आहे. ती पिढी आता साठीच्या पुढे गेली आहे, आणि आखूड क्रँकविषयीचे तिचे ज्ञान कोठेही लिहिलेले नाही.